ड्रायव्हर उतरवताना काय काय आवरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात कपाशीच्या शेतांत पर्जन्यमापक लावता लावता काही पोरं लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) यंत्राशी बोलायला शिकवणारा कोड, स्वतः लिहायला लागली आहेत. ड्रायव्हर चढवणं बहुतेकांना लवकर जमतं. उतरवताना मशीन गोठतं आणि मग फोन येतो. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमनमध्येच टाइप करायची.

उदाहरण सगळीकडे एकाच यंत्राचं आहे, तेवढं आधी नीट समजून घ्या. पर्जन्यमापकात दोन कप्प्यांचं छोटं पात्र असतं. एका कप्प्यात साधारण ०.२ मिमी पावसाइतकं पाणी साचलं की ते कलंडतं. कलंडताना चुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ पिनवर इंटरप्ट, म्हणजे हातचं काम थांबवणारी सूचना, येतो. स्विचचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो, म्हणून हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) लगेच मोजत नाही, टायमर लावतो. टायमर वाजला की तो एक वर्क (नंतर करायचं काम) रांगेत टाकतो, कारण आयटूसीवर (चिपांशी बोलायच्या दोन तारांवर) बोलताना झोपावं, म्हणजे वाट पाहत थांबावं लागतं आणि टायमरच्या कॉलबॅकमध्ये (वेळ झाली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपायची मुभा नाही. वर्क एकूण आकडा ईप्रॉममध्ये (लाइन गेली तरी आकडा टिकवणाऱ्या चिपमध्ये) लिहितो. ईप्रॉम आधीच्या लिखाणात गुंतलेला असेल, तर वर्कच टायमर पुन्हा लावतो. बाहेरच्या प्रोग्रामला आकडा 'पाऊस' नावाच्या कॅरेक्टर डिव्हाइसमधून (फाइलीसारख्या उघडता येणाऱ्या यंत्रातून) वाचता येतो.

भाऊ, साधा प्रोग्राम बंद झाला की कर्नल त्याचं सगळं आवरते. मग ड्रायव्हरचं काहून नाही आवरत?

प्रोसेसचा हिशेब कर्नल पहिल्यापासून ठेवतो. कोणती पानं तिची, कोणत्या फाइली तिने उघडल्या, हे सगळं तिच्या नावावर मांडलेलं असतं, म्हणून ती मेली की वसुली होते. मॉड्यूल, म्हणजे चालत्या कर्नलला जोडता-काढता येणारा ड्रायव्हरचा तुकडा, मात्र कर्नलच्याच आत चालतो. त्याने के-मॅलॉकने (कर्नलमधल्या मेमरी मागायच्या फंक्शनने) घेतलेली मेमरी कर्नलच्या लेखी कर्नलचीच असते, कोणत्या मॉड्यूलने मागितली याची नोंद कुठेच नसते. आरएममॉड (मॉड्यूल उतरवायची आज्ञा) केल्यावर मॉड्यूलचा कोड आणि त्याचा स्थिर डेटा तेवढा जातो, बाकी सगळं जागेवर राहतं.

त्यातही गळालेली मेमरी हा सगळ्यात सौम्य प्रकार. दोन-चार किलोबाइट गळाले तर पुढच्या रीबूटपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. खरा धोका मागे राहिलेल्या पत्त्यांचा. एखादा टायमर चालू राहिला, तर त्याच्याकडे तुमच्या कॉलबॅकचा पत्ता असतो. वेळ झाली की कर्नल इमानदारीने तिथे उडी मारतो. कोड तर गेलेला. मग लॉगमध्ये 'अनेबल टु हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट' उमटतं, आणि धुऱ्यावरच्या खांबाला टांगलेल्या पेटीचं बटण दाबायला कोणालातरी शेतात जावं लागतं.

रिमूव्ह आणि मॉड्यूलचं एक्झिट, दोन्ही लिहायचे का?

यंत्र सापडलं की प्रोब चालतं, ड्रायव्हर सुटला की रिमूव्ह; मॉड्यूल चढला की इनिट, उतरला की एक्झिट. प्रोबमध्ये घेतलेलं रिमूव्हमध्ये सोडायचं, इनिटमध्ये घेतलेलं एक्झिटमध्ये. प्रोब-रिमूव्ह ही जोडी प्रत्येक यंत्रामागे एकदा चालते, इनिट-एक्झिट मॉड्यूलमागे एकदा. एक्झिटमध्ये ड्रायव्हरची नोंदणी रद्द केली की जोडलेल्या प्रत्येक यंत्रासाठी कर्नल स्वतःच रिमूव्ह बोलावतो. आयटूसी ड्रायव्हरला इनिटमध्ये वेगळं काही करायचं नसेल, तर मॉड्यूल_आयटूसी_ड्रायव्हर हा मॅक्रो दोन्ही लिहून देतो. त्यावर भागवा.

नेमका क्रम कोणता? 'प्रोबच्या उलटा' एवढं पुरते का?

पुस्तकी उत्तर तेच, आणि ते खोटं नाही. पण प्रोबमधलाच क्रम चुकलेला असेल, तर उलटा क्रमही चुकणारच. मी वेगळं विचारतो: या क्षणी तुमच्या ड्रायव्हरला हाक कोण कोण मारू शकतं? आधी ती नवी हाक बंद करा. मग जी हाक आत येऊन चुकली आहे तिचं काम संपेपर्यंत थांबा. मेमरी मोकळी करायची ती त्यानंतर. विहिरीवरची मोटार काढताना कोणी आधी पाइप सोडत नाही, आधी स्टार्टरचा पुरवठा तोडतात. तसंच.

पर्जन्यमापकात हाक मारणारे चार जण आहेत: फाइल उघडणारा प्रोग्राम, इंटरप्ट, टायमर आणि वर्क. म्हणून आधी कॅरेक्टर डिव्हाइसची नोंदणी रद्द, म्हणजे नवीन कोणी उघडू शकणार नाही. मग फ्री_आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट सोडणं. हे फंक्शन चालू असलेला हँडलर संपेपर्यंत स्वतः थांबतं, थ्रेडेड इंटरप्ट असेल तर त्याचा थ्रेडही थांबवतं. इंटरप्ट मागताना दिलेला डेव्ह-आयडीच (आपली ओळख) इथे द्यायचा. सामायिक, म्हणजे अनेक यंत्रांनी वाटून घेतलेल्या लाइनवर कोणाचा हँडलर काढायचा हे त्याच्यावरूनच कळतं. मग टायमर, मग वर्क, आणि शेवटी स्ट्रक्चरची मेमरी.

यावरून प्रोबचा क्रमही कळतो. कॅरेक्टर डिव्हाइस सगळ्यात शेवटी नोंदवायचं, कारण नोंदणी झाल्या क्षणी कोणीतरी ते उघडू शकतं. तुमचं प्रोब संपायची वाट कोणी पाहत नाही.

टायमर वर्कला बोलावते आणि वर्क टायमरला. आधी कोणाला थांबवू?

मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न हाच. बहुतेक जण दोन्ही फंक्शनं लिहून मोकळे होतात आणि काम झालं असं समजतात.

समजा तुम्ही आधी टायमर_डिलीट_सिंक केलं. टायमर थांबला. पण त्याच वेळी दुसऱ्या कोअरवर वर्क चालू आहे, त्याला ईप्रॉम गुंतलेला दिसला आणि त्याने टायमर पुन्हा लावला. मग तुम्ही कॅन्सल_वर्क_सिंक केलं, वर्क संपला, मेमरी मोकळी केली. टायमर मात्र जिवंत आहे. आता उलट करून पाहा: आधी वर्क रद्द केला, तेवढ्यात टायमर वाजला आणि त्याने नवा वर्क रांगेत टाकला. दोन्हीकडून फसगत.

कर्नल ६.२ मध्ये यासाठीच टायमर_शटडाउन_सिंक आलं. ते टायमर थांबवतं, चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबतं आणि वर तो टायमर कायमचा निकामी करतं. त्यानंतर कोणी मॉड_टायमर केलं तरी कर्नल ते गुपचूप दुर्लक्षित करतो. म्हणून क्रम असा: इंटरप्ट मोकळा, टायमर शटडाउन, मग कॅन्सल_वर्क_सिंक. मधे वर्कने टायमर लावायचा प्रयत्न केला तरी काही होत नाही. वर्कच्या बाजूने असाच पक्का बंदोबस्त हवा असेल तर ६.१० पासून डिसेबल_वर्क_सिंक आहे, त्यानंतर तो वर्क रांगेत जातच नाही. जुन्या लेखांत डेल_टायमर_सिंक हे नाव सापडेल. ६.१५ पासून ते कर्नलमध्ये नाही, त्यामुळे कंपाइल होत नाही म्हणून घाबरू नका, टायमर_डिलीट_सिंक लिहा.

याच जागी आणखी एक खड्डा आहे. रिमूव्हमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावलं आणि वर्कला तोच म्युटेक्स हवा असला, तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. आरएममॉड किलने मरत नाही. हंग टास्कची तपासणी चालू असेल तर डीफॉल्ट १२० सेकंदांनंतर लॉगमध्ये तक्रार येते, नाहीतर तीही नाही. सिंक शेपटी असलेलं कोणतंही फंक्शन बोलावताना हातात कोणतं कुलूप आहे ते बघत जा.

डेव्हएम वापरलं की सगळं आपोआप होते म्हणतात. मग रिमूव्ह लिहायचीच काय गरज?

डेव्हएमची फंक्शनं २००७ साली २.६.२१ या कर्नलमध्ये आली, तेजुन हो यांनी आणली. डेव्हएम_के-झेडॲलॉक, डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू वगैरेंनी घेतलेली प्रत्येक गोष्ट यंत्राच्या यादीत लिहिली जाते. ड्रायव्हर सुटला किंवा प्रोब फसला की ती यादी उलट्या क्रमाने मोकळी होते. चीज उत्तम आहे, वापराच. फक्त ती यादी तुमचं रिमूव्ह संपल्यावर मोकळी होते, आधी नाही. सगळी गंमत इथे आहे.

आमच्याकडे नेहमी दिसणारा कोड असा: मेमरी डेव्हएमने, इंटरप्ट डेव्हएमने, आणि रिमूव्हमध्ये हाताने टायमर_डिलीट_सिंक आणि कॅन्सल_वर्क_सिंक. वाचताना स्वच्छ वाटतो. पण रिमूव्ह संपलं तरी इंटरप्ट चालूच आहे. त्या फटीत पात्र एकदा कलंडलं की हँडलर टायमर पुन्हा लावतो. मग डेव्हएम इंटरप्ट सोडतं, मेमरी सोडतं, आणि काही मिलिसेकंदांनी टायमर मोकळ्या झालेल्या मेमरीत वाजतो. एप्रिल-मे महिन्यात, ४५ अंशाच्या उन्हात, कितीही वेळा चढवा-उतरवा, काही होत नाही. मृगाचा पाऊस लागला की पेट्या पडायला लागतात आणि सगळे पेटीत पाणी शिरलं म्हणून सीलंट आणायला धावतात.

उपाय दोन. पहिला: टायमर आणि वर्क थांबवणारं छोटं फंक्शन डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेटने त्याच यादीत टाका, आणि ते इंटरप्ट मागण्याआधी. यादी उलटी मोकळी होते, म्हणजे आधी इंटरप्ट सुटेल, मग टायमर-वर्क थांबतील, मग मेमरी. रिमूव्ह बरेचदा रिकामंच उरतं, मग ते काढूनच टाका. दुसरा: डेव्हएम सोडून सगळं हाताने करा. मधलं मिश्रण टाळा. प्रोबमध्ये एकदा हाताने आवरायची गोष्ट घेतली की तिच्यापुढे डेव्हएम वापरायचं नाही, एवढा दंडक पाळला तरी पुष्कळ अपघात वाचतात.

रिमूव्हमध्ये डिसेबल_आयआरक्यू लिहून काम भागवणारेही आहेत. चालतं, पण लाइन सामायिक असेल तर तुम्ही शेजाऱ्याचाही इंटरप्ट बंद केलेला असतो.

प्रोब अर्ध्यात फसला तर रिमूव्ह चालते का?

नाही. प्रोबने एरर परत केली की रिमूव्ह बोलावलं जात नाही. तोवर घेतलेलं प्रोबनेच सोडायचं, गोटू (कोडमधल्या खुणेवर थेट उडी) आणि लेबलांची (त्या खुणांची) उतरंड त्यासाठीच असते. कॉलेजात गोटूला शिव्या घालायला शिकवतात, कर्नलमध्ये मात्र तीच रीत आहे.

'प्रोब कशाला फसेल' असं म्हणू नका. जीपीआयओ कंट्रोलर किंवा रेग्युलेटर (यंत्राचा वीजपुरवठा सांभाळणारा भाग) अजून तयार नसेल तर प्रोबला उणे ५१७, म्हणजे प्रोब-डिफर, परत करावं लागतं, आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. बूट होताना हे रोज घडतं. एरर वाटेवर गळती असेल तर ती प्रत्येक प्रयत्नाला गळते. शॉर्टकट म्हणून एरर वाटेवरून थेट रिमूव्ह बोलावणंही नको: इनिट न झालेला वर्क रद्द करायला गेलात तर कर्नल वॉर्निंग छापतो.

आरएममॉड करून राह्यलो तर 'मॉड्यूल इज इन यूज' म्हणते. कोण धरून बसलं कसं कळल?

एलएसमॉडच्या (चढलेल्या मॉड्यूलांच्या यादीच्या) तिसऱ्या रकान्यात आकडा दिसतो आणि पुढे धरून बसलेल्या मॉड्यूलांची नावं. नाव नाही पण आकडा आहे, तर बहुधा कोणत्या तरी प्रोग्रामने फाइल उघडी ठेवली आहे. फ्यूजर किंवा एलएसओएफ त्या डिव्हाइस फाइलवर चालवा, प्रोसेस सापडते. मागे दुसऱ्या टर्मिनलमध्ये विसरलेला कॅट (फाइल वाचून दाखवणारी आज्ञा) सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आकड्याऐवजी किंवा सोबत 'पर्मनंट' दिसलं, तर मॉड्यूलला इनिट आहे पण एक्झिट नाही, तो उतरणारच नाही.

उलटा प्रकार जास्त वाईट. फाइल ऑपरेशन्सच्या स्ट्रक्चरमध्ये ओनर (ही फाइल कोणत्या मॉड्यूलची ते) भरायचं राहिलं, तर फाइल उघडी असूनही आकडा शून्यच राहतो. आरएममॉड बिनतक्रार होतं, आणि तो प्रोग्राम फाइल बंद करायला गेला की कर्नल गायब कोडमध्ये शिरतो.

मग आरएममॉड उणे एफ?

जबरदस्तीने उतरवणं? नका. त्यासाठी कर्नल वेगळ्या पर्यायासह बांधलेला लागतो, आणि वापरल्यावर कर्नल स्वतःला टेंटेड (डागाळलेला) म्हणून खूण करतो. त्यानंतरच्या कोणत्याही क्रॅशचा अर्थ लावत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

ओनर भरला, आकडा बरोबर आहे. आता फाइल उघडी असताना रिमूव्ह चालूच शकत नाही ना?

चालू शकतं. ओनरमुळे फक्त मॉड्यूलचा कोड टिकतो. सिसएफएस, म्हणजे कर्नलच्या नियंत्रण-फाइलींमधल्या अनबाइंड (यंत्र ड्रायव्हरपासून सोडवायच्या) फाइलमध्ये यंत्राचं नाव लिहिलं, की मॉड्यूलचा आकडा कितीही असो, रिमूव्ह चालतं. यूएसबी यंत्र असेल तर कोणी केबल ओढली तरी तेच, डिस्कनेक्ट लगेच बोलावलं जातं. कॅट मात्र फाइल उघडी ठेवून बसलेला असतो. डेव्हएमने घेतलेलं स्ट्रक्चर तेव्हाच मोकळं झालं आणि कॅटने पुढचा रीड केला की युज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळ्या मेमरीचा वापर. सीडेव्ह_डेल किंवा मिस्क_डीरजिस्टर उघड्या फाइलींसाठी थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा. ती फक्त नवी वाट बंद करतात.

म्हणजे आयुष्यं तीन आहेत. कोडचं आयुष्य ओनर सांभाळतो. स्ट्रक्चरचं आयुष्य केरेफने (वापरणाऱ्यांची मोजणी ठेवणाऱ्या साधनाने) सांभाळायचं: प्रोबने एक मोजणी धरायची, प्रत्येक ओपनने एक, आणि शेवटचा सोडेल तेव्हा केफ्री. हार्डवेअर मात्र रिमूव्हसोबतच गेलेलं असतं, त्यासाठी स्ट्रक्चरमध्ये 'गेलं' असा एक झेंडा ठेवायचा. रिमूव्हने म्युटेक्स धरून तो उभा करायचा, आणि रीड-राइटने तोच म्युटेक्स धरून झेंडा पाहिल्याशिवाय हार्डवेअरला हात लावायचा नाही, उभा असेल तर ई-नो-डेव्ह ('यंत्रच नाही' ही एरर) परत. रीड झोपून वाट पाहत असेल तर रिमूव्हने त्याला उठवायलाही हवं, आणि उठण्याच्या अटीत झेंडाही तपासायला हवा, नाहीतर तो उठून पुन्हा झोपतो. पोल (डेटा आला का विचारणारं फंक्शन) असेल तर तिथे हँगअप कळवा.

कर्नलच्या सोर्समधलं यूएसबी-स्केलेटन हे नमुन्याचं ड्रायव्हर नेमकं असंच करतं: केरेफ, म्युटेक्स आणि डिस्कनेक्टेड नावाचा झेंडा. ते एकदा कागद-पेन घेऊन वाचा.

आता मात्र हे स्ट्रक्चर डेव्हएमच्या यादीत नको, कारण डेव्हएम यंत्राबरोबर मोकळं करतं आणि तुम्हाला शेवटच्या फाइलपर्यंत थांबायचं असतं.

रिमूव्हमधून एरर परत करून काढणं थांबवता येते का?

नाही, पूर्वीही येत नव्हतं. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं रिमूव्ह जुन्या काळी इंट परत करायचं, पण कर्नल तो आकडा मानतच नव्हता. लोक 'बिझी' परत करून निवांत व्हायचे आणि आवरायचं राहून जायचं. म्हणून आयटूसीचं रिमूव्ह ६.१ पासून आणि प्लॅटफॉर्मचं ६.११ पासून व्हॉइड, म्हणजे काहीच परत न करणारं झालं. आयटूसीवर यंत्र उत्तर देत नसलं तरी पुढची आवराआवर पूर्ण करायची. लॉगमध्ये एक ओळ टाका आणि पुढे चला.

आमच्याकडं दिवसातून दहादा लाइन जाते. तेव्हा रिमूव्ह चालते का?

लाइन गेली की काहीच चालत नाही. ईप्रॉममध्ये अर्धवट लिहिलेल्या आकड्याचा बंदोबस्त रिमूव्हमध्ये करता येणार नाही. दोन जागा ठेवा, आळीपाळीने लिहा, सोबत अनुक्रमांक आणि चेकसम, आणि प्रोबमध्ये जी जागा धड आहे ती उचला.

रीतसर रीबूटमध्येसुद्धा रिमूव्ह बोलावलं जात नाही, शटडाउन नावाचा वेगळा कॉलबॅक बोलावला जातो. रीबूटच्या आधी शेवटचा आकडा लिहायचा असेल तर तो तिथे लिहा.

रेग्युलेटर, क्लॉक, रनटाइम पीएम, डीएमए?

जेवढ्या वेळा चालू केलं तेवढ्याच वेळा बंद. रेग्युलेटर चालू ठेवून सोडला तर कर्नल वॉर्निंग देतो. पीएम_रनटाइम_एनेबल (चालू असताना वीज वाचवायची सोय) केलं असेल तर डिसेबलही करा.

डीएमए (यंत्राने थेट मेमरीत लिहिणं) आपल्या पर्जन्यमापकात नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी यंत्राला थांबवायचं, मग बफर सोडायचा. यंत्राला तुमचा बफर मोकळा झाल्याचं कोणी सांगत नाही. ते त्याच पत्त्यावर लिहीत राहतं, आणि तोवर ती मेमरी दुसऱ्याच कोणाची झालेली असते. असा क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसतो, म्हणून त्याला शोधणं महाकठीण.

कॉल_आरसीयू वापरलं असेल तर?

कॉल_आरसीयू सध्याचे वाचणारे संपल्यावर चालवायचा कॉलबॅक रांगेत टाकतं, म्हणून एक्झिटमध्ये आरसीयू_बॅरियर हवंच. सिंक्रोनाइझ_आरसीयू पुरत नाही: ते वाचणाऱ्यांसाठी थांबतं, रांगेत पडलेल्या कॉलबॅकसाठी नाही.

हे सगळं बरोबर झालं हे तपासू कसं? पाऊस तर जूनमध्ये येईल.

पावसाची वाट पाहू नका. ५.१७ पासून कर्नलमध्ये जीपीआयओ-सिम आहे, त्यात खोट्या पिना तयार करून त्यांची पातळी हाताने वरखाली करता येते, म्हणजे पात्र कलंडल्याचा इंटरप्ट घरबसल्या. आयटूसी-स्टब खोटा ईप्रॉम देतो, मात्र तो एसएमबसच्या (आयटूसीवरच्या ठरावीक) आज्ञांपुरताच. दोन्ही क्यूईएमयूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतात, कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवरही.

कर्नल बांधताना केसॅन, लॉकडेप, केमेमलीक (गळती शोधणारा) आणि डीबग-ऑब्जेक्ट्समधले टायमर व वर्कचे पर्याय चालू करा. केसॅन मोकळ्या मेमरीचा वापर रंगेहाथ पकडतो आणि कोणी घेतली, कोणी सोडली दोन्ही सांगतो. लॉकडेप म्युटेक्स-वर्कची ती कोंडी प्रत्यक्ष होण्याआधीच दाखवतो. डीबग_एसएचआयआरक्यू चालू असेल तर सामायिक इंटरप्ट सोडताना कर्नल तुमचा हँडलर मुद्दाम एकदा जास्तीचा बोलावतो. डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह हा पर्याय तर प्रत्येक ड्रायव्हरचं प्रोब झालं की लगेच रिमूव्ह करून पुन्हा प्रोब करतो. चालत्या पेटीवर यातलं काही ठेवू नका, मशीन मंदावतं.

मग एक स्क्रिप्ट: एका बाजूने पिन सतत वरखाली, दुसऱ्या बाजूने कॅट सतत वाचतोय, आणि मधे अनबाइंड-बाइंड रात्रभर. सकाळी डीमेसेज (कर्नलचा लॉग) वाचा. इंटरप्ट्सच्या प्रॉक फाइलमध्ये तुमचं नाव उतरवल्यावरही दिसत असेल तर फ्री_आयआरक्यू राहिलं आहे.

आमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन आहे, मॉड्यूल नाही. तरी रिमूव्ह लागते का?

एक्झिट लागत नाही, बिल्ट-इनमध्ये तो टाकूनच दिला जातो. रिमूव्ह मात्र लागतं, कारण अनबाइंडची फाइल तिथेही असते. ती वाट नकोच असेल तर ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये सप्रेस_बाइंड_ॲट्र्स खरं करा, मग बाइंड-अनबाइंडच्या फाइली तयारच होत नाहीत.